ज्याचे पोलीस, त्याचाच न्यायाधीश?

न्यूयॉर्कचे माजी महापौर एड कॉच एक किस्सा रंगवून सांगत. शहरातल्या एका न्यायाधीशाला भर रस्त्यात लुटले गेले. 'या प्रसंगाचा माझ्या निकालांवर काडीचाही परिणाम होणार नाही,' असे त्याने लगेच जाहीर करून टाकले. कॉच यांनी ब्राँक्समधल्या ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत हे सांगितले, तशी मागून एक आजी ओरडली, 'मग त्याला पुन्हा लुटा!'

सभा खो खो हसली. भारतातल्या कोणत्याही जिल्हा न्यायालयाच्या आवारात हा किस्सा सांगितला तरी तसाच हशा पिकेल. तारखांमागून तारखा घेऊन थकलेल्या माणसाला न्यायाधीशावर राग काढायला जागा हवी असते आणि आजीने ती मिळवून दिली. पंचाईत तेव्हा होते, जेव्हा या हशाचे कोणी धोरण करू पाहतो.

ते हल्ली वारंवार होते. एखाद्या गाजलेल्या प्रकरणात आरोपीला जामीन मिळाला किंवा एखादा निकाल जनमताच्या विरोधात गेला की अमेरिकेचा दाखला पुढे केला जातो. तिथल्या शहरांत म्हणे न्यायाधीशाची मुदत संपली की त्याच्या निकालांचा हिशेब मागतात. ज्याने गुन्हेगार मोकाट सोडले तो घरी जातो, म्हणून तिथे न्याय ताळ्यावर राहतो. आपल्याकडे मात्र एकदा खुर्ची मिळाली की निवृत्तीपर्यंत विचारणारा कोणी नाही. ऐकायला हे पटते, पण यातला एकही भाग तपासाला टिकत नाही. शेवटचा तर अजिबातच नाही.

आधी न्यूयॉर्कचे पाहू. त्या शहरातल्या फौजदारी न्यायालयाचे आणि कौटुंबिक न्यायालयाचे न्यायाधीश महापौर दहा वर्षांसाठी नेमतात. दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीश मतदार निवडून देतात. फौजदारी न्यायालयात साधारण वर्षभराच्या कैदेपर्यंतचे गुन्हे चालतात, आणि अटक झालेल्या बहुतेकांची पहिली हजेरीही तिथेच होते. म्हणजे शहराच्या पोलिसांनी पकडलेला माणूस रात्री कोठडीत झोपणार की घरी, हे पहिल्यांदा ठरवणारी खुर्ची महापौरांच्या नेमणुकीची असते. दहा वर्षे भरली की फेरनियुक्तीसाठी पुन्हा महापौरांच्याच दारात जायचे.

मधे एक चाळणी आहे. १९७८ मध्ये कॉच यांनी न्यायाधीशांच्या निवडीसाठी सल्लागार समिती नेमली आणि समितीने सुचवलेल्या नावांबाहेर जायचे नाही, असे बंधन स्वतःवर घालून घेतले. पुढच्या महापौरांनी कमीअधिक फरकाने तीच पद्धत चालू ठेवली. अलीकडच्या रचनेत समितीत १९ सदस्य असतात. त्यातले काही महापौरांच्या पसंतीचे असतात. बाकीचे राज्याचे मुख्य न्यायाधीश, अपील न्यायालयांचे प्रमुख आणि कायदा महाविद्यालयांचे अधिष्ठाते सुचवतात. शहराची वकील संघटना न्यायाधीशाची स्वतंत्रपणे चौकशी करून 'मान्य' किंवा 'अमान्य' असा शेरा देते. न्यायाधीशापुढे उभे राहिलेल्या सरकारी आणि बचाव पक्षाच्या वकिलांशी बोलणे होते, त्याने लिहिलेले निकाल पाहिले जातात, त्याच्याविरुद्धच्या तक्रारी चाळल्या जातात. त्याचे निकाल लोकांना आवडले का, हा प्रश्न या चाळणीत बसत नाही. तो कोर्टात वेळेवर येतो का, कागद वाचून बसतो का, गरीब पक्षकाराला तोंड उघडू देतो का, वकिलांवर डाफरतो का, कायदा त्याला येतो का, हे तिथे विचारले जाते.

ही चाळणी एका दिवसात आलेली नाही. ज्या वकील संघटनेचा शेरा आज मोलाचा मानला जातो, ती १८७० मध्ये स्थापन झाली तीच मुळी शहराच्या राजकारणावर पकड असलेल्या 'बॉस' ट्वीडच्या टोळीने न्यायालये खिशात घातली म्हणून. १८७२ मध्ये बर्नार्ड आणि मॅककन या दोन न्यायाधीशांना पदावरून काढण्यात आले आणि तिसरे, अल्बर्ट कार्डोझो, यांनी त्याआधीच राजीनामा दिला. त्यांचाच मुलगा बेंजामिन पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि विसाव्या शतकातला एक थोर न्यायाधीश ठरला. १९३० च्या सुमारास सॅम्युअल सीबरी यांच्या चौकशीने शहराच्या दंडाधिकारी न्यायालयांचे वस्त्रहरण केले. पोलीस, जामीनदलाल आणि वकील संगनमताने निरपराध बायकांना खोट्या आरोपात अडकवून पैसे उकळत होते. काही दंडाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले, आणि चौकशी पुढे महापौर जिमी वॉकर यांच्यापर्यंत पोचून १९३२ मध्ये त्यांनाही जावे लागले.

म्हणून न्यायाधीशाचे मूल्यमापनच नको, ते न्यायाच्या स्वातंत्र्यावर घाला घालते, असा उलट टोकाचा सूर काढणाऱ्यांचेही बरोबर नाही. शहराच्या पहिल्या महिला दंडाधिकारी जीन नॉरिस यांना १९३१ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. त्यांनी खटल्याच्या नोंदीत फेरफार केला होता आणि न्यायाधीशाचा झगा घालून यीस्टच्या जाहिरातीत झळकल्या होत्या. अशा न्यायाधीशाला स्वातंत्र्याच्या नावाखाली खुर्चीत ठेवणे हा त्या स्वातंत्र्याचाच अपमान ठरला असता. पण नॉरिस गेल्या त्या वर्तनामुळे. निकाल चुकला तर वर अपील असते. बदललेल्या नोंदीवर मात्र अपील करायचे कशाच्या आधारावर?

गाडी घसरते ती निकालांचा हिशेब मागायला सुरुवात झाल्यावर.

ब्रूस राइट यांचेच उदाहरण घ्या. १९७० मध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी त्यांना फौजदारी न्यायालयात नेमले. राइट कृष्णवर्णीय होते. गरीब आरोपीला न परवडणारा जामीन मागणे म्हणजे खटल्याआधीच शिक्षा देणे, असे ते म्हणत आणि त्याप्रमाणे वागतही. पोलिसांच्या संघटनेने त्यांना 'मोकाट सोडणारा ब्रूस' अशा अर्थाचे टोपणनाव चिकटवले. १९७४ च्या अखेरीस त्यांची फौजदारी कामातून दिवाणीकडे रवानगी झाली. वास्तविक न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात जामिनाच्या वेळी आरोपी किती धोकादायक आहे हे पाहायची मुभाच नव्हती. तो तारखेला हजर राहील का, एवढेच पाहायचे होते. म्हणजे राइट कायद्याप्रमाणे वागले तो गुन्हा ठरला, आणि गुन्हा ठरवणारे होते ज्यांची अटक त्यांच्यापुढे तपासली जात होती ते पोलीस. महापौरांच्या फेरनियुक्तीची वाट पाहण्यापेक्षा राइट यांनी १९७९ मध्ये दिवाणी न्यायालयाची निवडणूक लढवली आणि जिंकली. १९८२ मध्ये ते राज्याच्या वरच्या न्यायालयात निवडून गेले.

रुडॉल्फ जुलियानी महापौर झाल्यावर हा हिशेब उघडपणे मागितला जाऊ लागला. १९९५ च्या अखेरीस त्यांनी फौजदारी न्यायालयातल्या दोन न्यायाधीशांना फेरनियुक्ती नाकारली. वकील संघटनेने दोघांनाही पात्र ठरवले होते. टीकेचा भडिमार झाला आणि त्यात ज्यांनी ही चाळणी बसवली ते कॉचही होते. काही आठवड्यांतच ब्रुकलिनचे न्यायाधीश लोरिन डकमन यांचे प्रकरण उसळले. त्यांनी जामिनाची रक्कम कमी केल्यामुळे सुटलेल्या एका आरोपीने फेब्रुवारी १९९६ मध्ये आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला गोळी घालून ठार केले आणि स्वतःलाही संपवले. जुलियानी आणि गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी डकमन यांना काढा म्हणून आवाज उठवला. चौकशी झाली आणि १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यांना काढलेही. पण कारण त्या जामिनाचे नव्हते. इतर खटल्यांत त्यांनी अधिकार नसताना प्रकरणे निकालात काढली आणि सरकारी वकिलांचा पाणउतारा केला, हे कारण होते. त्यावरही न्यायालयात एकमत झाले नाही.

डकमन यांचे वर्तन चांगले होते, असे कोणी म्हणणार नाही. तरी त्या शहरातल्या प्रत्येक न्यायाधीशाने या प्रकरणातून काय धडा घेतला असेल याचा अंदाज बांधायला फार बुद्धी लागत नाही. आरोपीला आत ठेवल्याबद्दल कोणत्याही न्यायाधीशाचे नाव पहिल्या पानावर छापून येत नाही, सोडल्याबद्दल येते. ज्याची दहा वर्षे भरत आली आहेत, तो कोणत्या बाजूला चूक करील?

इथे एक बाब बहुतेक कौतुक करणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. न्यूयॉर्कचे पोलीस दल महापौरांच्या हाताखाली आहे. कौटुंबिक न्यायालयात अल्पवयीन मुलांवरचे गुन्ह्याचे खटले महापौरांचाच विधी विभाग चालवतो. आईबाप मुलांकडे दुर्लक्ष करतात म्हणून मुले काढून घेण्याचे अर्ज महापौरांचेच बालकल्याण खाते करते. म्हणजे शहर रोज सकाळी त्या न्यायाधीशापुढे पक्षकार म्हणून उभे राहते आणि दहा वर्षांनी त्याच पक्षकाराचा प्रमुख न्यायाधीशाचे भवितव्य ठरवतो. कारखान्याच्या मालकाने कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशाला मुदतवाढ द्यावी, असे कोणी सुचवले तर आपण त्याला वेड्यात काढू. महापौर मात्र लोकनियुक्त असतो, म्हणून त्याच्या हाती तीच दोरी दिलेली आपल्याला खुपत नाही.

मग दोरी थेट मतदारांच्याच हाती द्यावी, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत तोही प्रयोग भरपूर झाला आहे. शिकागो ज्या कूक परगण्यात येते तिथे न्यायाधीशाला पदावर राहायला ६० टक्के मते लागतात. तिथे १९९० नंतर थेट २०१८ पर्यंत एकही न्यायाधीश पडला नाही. वकील संघटनांनी नापसंत केलेलेही आरामात तरून गेले. मतपत्रिकेवरच्या डझनावारी अनोळखी नावांसमोर मतदार करणार तरी काय? आणि मतदार जागा होतो तेव्हा तो सहसा एखाद्या निकालाच्या रागाने जागा झालेला असतो. आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये समलिंगी विवाहाच्या बाजूने एकमताने निकाल दिला. पुढच्याच वर्षी त्या खंडपीठातले तीन न्यायाधीश मतपेटीतून गेले. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचारासाठी सहा महिन्यांची कैद सुनावणारे न्यायाधीश ॲरन पर्स्की यांना राज्याच्या न्यायिक आयोगाने २०१६ मध्ये निर्दोष ठरवले होते. तरी २०१८ मध्ये मतदारांनी त्यांना परत बोलावले. ती शिक्षा फार सौम्य होती, असे म्हणायला भरपूर जागा आहे. पण नंतरच्या अभ्यासात दिसले की परत बोलावण्याची मोहीम जाहीर होताच इतर न्यायाधीशांनी दिलेल्या शिक्षा वाढल्या. त्या वाढीव शिक्षा भोगणारे आरोपी स्टॅनफर्डच्या वसतिगृहातले नव्हते.

ह्यूबर आणि गॉर्डन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियातले आकडे तपासून हेच दाखवले होते: मतदान जवळ येते तसतशा न्यायाधीशांच्या शिक्षा लांबत जातात. गुन्हा आणि कायदा तोच, बदलते फक्त कॅलेंडर. मुदतीच्या भीतीने न्याय ताळ्यावर राहतो असे मानणाऱ्यांनी त्या आरोपीला समजावून सांगावे की त्याचा खटला दोन वर्षे आधी उभा राहिला असता तर त्याला कमी कैद झाली असती, ती का.

मूल्यमापन हवे आणि दोरीही नको, हे एकत्र कसे जमायचे? त्याचे बरे उत्तर न्यूयॉर्कपेक्षा वॉशिंग्टन शहरात सापडते. १९७३ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक न्यायाधीशांना १५ वर्षांची मुदत असते. मुदत संपताना सात जणांचा आयोग त्यांचे काम तपासतो. या सातांना नेमणारे वेगवेगळे आहेत: राष्ट्राध्यक्ष, महापौर, शहर परिषद, वकील संघटना आणि संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. काही सदस्य वकील नसतात, हे मुद्दाम. आयोगाने 'उत्तम पात्र' म्हटले की मुदत आपोआप वाढते. नेमणूक करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना त्यात बोट घालता येत नाही. 'अपात्र' म्हटले की राष्ट्राध्यक्षांची इच्छा असली तरी फेरनियुक्ती नाही. मधल्या 'पात्र' या शेऱ्यापुरती त्यांना निवड उरते, आणि व्यवस्थेतली ढिली जागा तीच. आयोगाचे मूल्यमापन प्रसिद्ध होते, कारणांसकट. नेमणाऱ्याचा हात दोन्ही बाजूंनी बांधलेला, आणि बांधणारी दोरी सगळ्यांना दिसणारी.

आता आपल्याकडे कोणी विचारत नाही या दाव्याकडे.

जिल्हा न्यायालयातल्या कोणत्याही न्यायाधीशाने तो ऐकला तर त्याला हसू आवरणार नाही. त्याचा दरवर्षी गोपनीय अहवाल लिहिला जातो. किती खटले निकाली काढले याची 'युनिटे' मोजली जातात, आणि ती भरायला सोपी प्रकरणे पुढे घेऊन गुंतागुंतीची मागे ठेवण्याचा मोह किती जणांना होतो, हे वकिलांच्या खोलीत कोणालाही विचारावे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालानुसार ५८ व्या वर्षी त्याची पुन्हा छाननी होते आणि त्यात उतरला तरच तो साठीपर्यंत राहतो.

उच्च न्यायालयात तर शब्दशः फेरनियुक्तीचीच पद्धत आहे. १९५६ च्या घटनादुरुस्तीने तुंबलेली प्रकरणे उपसण्यासाठी जास्तीत जास्त दोन वर्षांचे अतिरिक्त न्यायमूर्ती नेमायची सोय झाली. तात्पुरत्या कामासाठी केलेली ती सोय हळूहळू उमेदवारीचा काळ बनली. आज उच्च न्यायालयात येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी अतिरिक्त असतो, मग कायम होतो किंवा होत नाही. आणि उच्च न्यायालयापुढचा सर्वांत मोठा पक्षकार आहे सरकार.

या दोरीने काय होते, ते महाराष्ट्राने आणीबाणीत पाहिले. उमेश रंगनाथ ललित मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठावर अतिरिक्त न्यायमूर्ती होते. आणीबाणीत त्यांनी जामिनाचे आदेश दिले. त्यांना कायम करण्यात आले नाही, आणि ते वकिलीकडे परतले. त्यांचे चिरंजीव उदय ललित २०२२ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. दिल्लीत कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेविरुद्ध निकाल देणाऱ्या खंडपीठातले आर. एन. अगरवाल यांना परत सत्र न्यायाधीश करण्यात आले. 'चुकीच्या निकालांचा हिशेब' मागण्याची पद्धत या देशाने वापरून पाहिली आहे ती अशी. तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांच्या दृष्टीने ते निकाल चुकीचेच होते.

१९८१ मध्ये दिल्लीचे अतिरिक्त न्यायमूर्ती एस. एन. कुमार यांना मुदतवाढ मिळाली नाही. दिल्लीच्या मुख्य न्यायमूर्तींनी त्यांच्या सचोटीविषयी शंका घेतली होती. मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड मात्र कुमार यांच्या बाजूने होते. 'एस. पी. गुप्ता' म्हणून गाजलेल्या त्या खटल्यात बहुमताने सरकारचा निर्णय टिकला. तरी त्या निकालाने एक मोठे काम केले: न्यायमूर्तींमधला आणि सरकारशी झालेला पत्रव्यवहार उघड करायला लावला. नागरिकाला जाणून घेण्याचा हक्क आहे, हा विचार या देशात रुजवणाऱ्या निकालांत त्याची गणना होते. गंमत म्हणजे तो हक्क नंतर बहुतेक ठिकाणी पोचला; न्यायाधीशांच्या नेमणुकीची फाइल मात्र मागेच राहिली.

म्हणूनच पुष्पा गनेडीवाला यांचे प्रकरण त्रास देते. नागपूर खंडपीठावरच्या या अतिरिक्त न्यायमूर्तींनी जानेवारी २०२१ मध्ये बाल लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचा असा अर्थ लावला की कपड्यांवरून केलेला स्पर्श त्यात बसत नाही. निकाल वाईट होता. देशभर संताप झाला, सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये तो रद्द केला. अपिलाची वाट जशी चालायला हवी तशीच चालली. पण दरम्यान नेमणुकांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाने, म्हणजे कॉलेजियमने, त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली. त्यांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली, आणि ती संपताना फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. एका वाईट निकालासाठी की एकूण कामासाठी, कोणत्या निकषावर, त्यांचे म्हणणे ऐकून की न ऐकता, यातले काहीही लोकांसमोर सकारण मांडले गेले नाही.

अनेकांना तेव्हा बरे वाटले, आणि त्या निकालावर चिडलेल्या प्रत्येकाला तसे वाटणे साहजिक होते. तरी त्यांनीच विचार करावा: कारण न देता गनेडीवाला यांना थांबवणारी व्यवस्था आणि कारण न देता ललित यांना थांबवणारी व्यवस्था यांत फरक कोणता सांगणार? ललित यांच्या वेळी सरकारने केले आणि गनेडीवाला यांच्या वेळी न्यायमूर्तींनी, हा फरक खराच, आणि तो लहान नाही. पण बाहेर उभ्या असलेल्या नागरिकाला दोन्ही वेळा दार बंदच दिसले.

यावर एक जुना आक्षेप येतो: कारणे जाहीर केली तर न्यायाधीशाची बदनामी होईल. बदनामी कारणे न दिल्याने जास्त होते, कारण मग प्रत्येक जण आपापले कारण बनवतो. जीन नॉरिस यांनी नेमके काय केले हे ९० वर्षांनंतरही सांगता येते, कारण ते लिहून ठेवून, त्यांना बाजू मांडायला देऊन, मग त्यांना काढले गेले. कुमार यांच्याबाबत पत्रे उघड झाली म्हणूनच सरन्यायाधीश त्यांच्या बाजूने होते, हे लोकांना कळले.

तेव्हा अमेरिकेतल्या शहरांचा दाखला द्यायचाच तर जुलियानी यांचे न्यूयॉर्क बाजूला ठेवून वॉशिंग्टनचा कायदा मागवावा. अतिरिक्त न्यायमूर्तीची दोन वर्षे भरण्याआधी निकष लेखी ठरलेले असावेत: सुनावणी वेळेवर होते का, राखून ठेवलेले निकाल किती महिने पडून राहतात, निकालात कारणे आहेत का, वकिलांशी आणि पक्षकारांशी वागणूक कशी आहे. जामीन दिला की नाकारला याची नोंद त्या कागदावर नसावी. प्रतिकूल शेरा असेल तर तो संबंधित न्यायमूर्तींना आधी दाखवून त्यांचे उत्तर घ्यावे आणि मगच ठराव करावा, कारणांसकट. ठराव अनुकूल असेल तर सरकारने तो किती दिवसांत अमलात आणायचा याची मुदत घालावी, आणि ती उलटल्यास नेमणूक आपोआप कायम धरावी. यातली शेवटची अट सरकारला सर्वांत जड जाईल आणि पहिली कॉलेजियमला. दोघेही आज एकमेकांवर अपारदर्शकतेचा आरोप करतात. कोणी आधी होकार देतो, ते पाहता येईल.